गेरूच्या थरातून हायड्रोजन: हेमॅटाइट इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग कसा सुधारावा

तुळशीवृंदावनाला लावतात त्या गेरूला लाल रंग देणारं आयर्न ऑक्साइड आणि या लेखातला हेमॅटाइट हे रसायन म्हणून एकच. फरक जाडीचा आणि शुद्धतेचा. काचेवर काहीशे नॅनोमीटर जाडीचा हा थर चढवला, तो कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात बुडवला, त्यावर ऊन पाडलं आणि बाहेरून थोडा व्होल्टेज दिला, की लाल काचेवर ऑक्सिजन सुटतो आणि समोरच्या प्लॅटिनमच्या तारेवर हायड्रोजन. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर हे दाखवलं, पण त्या पदार्थाला फक्त अतिनील किरण चालतात. हेमॅटाइट साधारण ५९० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषतो, स्वस्त आहे आणि कॉस्टिकमध्ये विरघळत नाही.

मग अडचण काय? कागदावर ‘एक सूर्य’, म्हणजे भर उन्हाइतक्या, प्रकाशात हेमॅटाइटने प्रति चौरस सेंमी सुमारे १२.६ मिलिअँपिअर द्यायला हवेत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नीट केलेला साधा थर ०.५ ते १ च्या दरम्यान देतो. प्रकाशाने तयार झालेला होल (इलेक्ट्रॉन उडाल्यावर मागे उरलेली धनभारित जागा) हेमॅटाइटमध्ये फार तर २ ते ४ नॅनोमीटर चालतो आणि तेवढ्यात इलेक्ट्रॉनला भेटून संपतो. उलट हिरवा-पिवळा प्रकाश पुरता शोषायला शंभर नॅनोमीटरच्या वर जाडी लागते. जे थोडे होल पृष्ठभागापर्यंत पोचतात, त्यांनाही पाण्यातून ऑक्सिजन काढायला वेळ लागतो, आणि त्या वेळात बरेचसे तिथेच मरतात. म्हणजे तोटा दोन ठिकाणी होतो, थराच्या पोटात आणि पृष्ठभागावर. हेमॅटाइटवर कोबाल्टसारख्याचा पातळ लेप चढवणं हा नेहमीचा इलाज, पण तो मुख्यतः पृष्ठभागावरच्या तोट्यावर चालतो. म्हणून लेप लावण्याआधी आपल्या इलेक्ट्रोडमध्ये कोणता तोटा किती आहे हे मोजायचं. ही पायरी गाळली, तर आकडे वाढले तरी का वाढले ते सांगता येत नाही, आणि नाही वाढले तर चूक कुठे शोधायची तेही कळत नाही.

थर चढवणे

एफटीओ काच (एका बाजूला फ्लोरिन घातलेल्या टिन ऑक्साइडचा पारदर्शक, विद्युतवाहक थर असलेली) घ्या, २.२ मिमी जाडीची, ७ ते १५ ओहम प्रति चौरस रोधाची. १५ × ३० मिमीचे तुकडे पाडा. कोणती बाजू विद्युतवाहक ते मल्टिमीटरने बघा, काही दहा ओहम दाखवते ती बाजू आपली. प्रत्येक तुकड्याच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, हिरकणीने छोटी खूण करा. भट्टीतून आल्यावर मार्करची खूण राहत नाही, आणि आठ तुकड्यांत कोणता कुठला हे आठवत नाही.

साबणाचं पाणी, डिस्टिल्ड वॉटर, अॅसिटोन, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, या क्रमाने प्रत्येकी १० मिनिटं सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात). शेवटी पाण्याचा थेंब टाकून बघा. तो पसरला पाहिजे, मोत्यासारखा उभा राहिला तर काच अजून तेलकट आहे आणि थर चट्ट्याचट्ट्यांनी बसेल. पुन्हा धुवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी शेवटच्या धुण्यालाही नको. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम पुढे कॉस्टिकमध्ये पांढरा साका होऊन बसतो.

वरचे ८ मिमी विद्युतजोडणीसाठी मोकळे ठेवायचे. तिथे नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे घट्ट गुंडाळा.

५० मिलि द्रावणासाठी फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट २.०३ ग्रॅम आणि सोडियम नायट्रेट ४.२५ ग्रॅम. म्हणजे अनुक्रमे ०.१५ आणि १ मोलर. पीएच १.५ च्या जवळ आणा, हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब पुरतात. फेरिक क्लोराइडची बाटली पावसाळ्यात उघडी राहिलेली असेल तर त्यातले खडे पाणी पिऊन ओले झालेले असतात. वजन बरोबर दिसतं पण लोखंड कमी पडतं. असे खडे बाजूला ठेवा.

द्रावण झाकणाच्या जाड काचेच्या बाटलीत किंवा टेफ्लॉन अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) घ्या. तुकडा भिंतीला तिरपा टेकवा, वाहक बाजू खाली तोंड करून. वर तोंड केलं तर द्रावणात तयार होणारी भुकटी त्यावर बसते आणि पुढे सुटून येते. ओव्हन ९५ अंशांवर, ४ तास. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या बीकरमध्ये ‘१०० अंश’ लिहिलेली कृती करायला गेलात तर द्रावण आटेल आणि थर वरच्या भागात पातळ होईल. भांडं बंदच हवं.

बाहेर आलेला थर पिवळा असतो. हा अजून हेमॅटाइट नाही, आयर्न ऑक्सिहायड्रॉक्साइड आहे. भरपूर पाण्याने धुवा. मागच्या बाजूला बसलेला पिवळा थर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेल्या कापसाने पुसा. पुढच्या बाजूला आम्लाचा ओघळ जाऊ देऊ नका, एका ओघळीने आख्खा नमुना जातो.

भट्टी

इथे दोन टप्पे आहेत आणि दोन्ही लागतात. पहिला ५५० अंशांवर २ तास, मिनिटाला ५ अंश या गतीने चढवत. थर विटकरी लाल होतो. दिसायला काम झाल्यासारखं वाटतं, पण या अवस्थेत विद्युतप्रवाह जवळपास शून्य मिळतो आणि बरेच जण इथेच निराश होतात.

दुसरा टप्पा ७५० ते ८०० अंशांवर १० मिनिटं. या तापमानाला काचेवरच्या एफटीओमधलं कथील थरात शिरतं आणि हेमॅटाइटची वाहकता वाढवतं. तीच डोपिंग. पण साधी काच या तापमानाला मऊ पडते. तुकडा सपाट अॅल्युमिनाच्या पट्टीवर पूर्ण टेकवून ठेवा, कडेवर अधांतरी नको, नाहीतर पापडासारखा वाकतो. १० ऐवजी ३० मिनिटं ठेवलं तर कथील जास्त शिरेल हे खरं, पण एफटीओचा रोधही वाढतो. भट्टीतून काढल्यावर मोकळ्या पट्टीचा रोध पुन्हा मोजा. आधीपेक्षा कित्येक पट झाला असेल तर तो तुकडा पुढे नेऊ नका, त्याच्यावर लावलेला प्रत्येक व्होल्टेज काचेतच खर्च होईल.

थंड करताना ५५० ते ४०० अंशांमधला प्रवास सावकाश होऊ द्या, भट्टीचं दार बंद ठेवा. याच पट्ट्यात काचेत ताण बसतो आणि दुसऱ्या दिवशी हातात तुकडा तडकतो. मधेच वीज गेली तर त्या खेपेचे सगळे तुकडे ‘वीज गेली’ असं लिहून वेगळे ठेवा. तुलनेत धरू नका, कारण ८०० अंशांवर ते किती वेळ होते हे कुणालाच सांगता येणार नाही.

एका खेपेत किमान सहा तुकडे करा. तीन लेपासाठी, तीन तसेच.

जोडणी आणि क्षेत्रफळ

मोकळ्या पट्टीवर सिल्व्हर पेस्टने तांब्याची तार चिकटवा, वाळू द्या आणि त्यावर अॅराल्डाइटसारखा इपॉक्सी असा लावा, की तार, पेस्ट आणि उघडी एफटीओ काहीही द्रावणाला दिसणार नाही. खालीही इपॉक्सीनेच चौकट आखून १ चौसेंमी खिडकी ठेवा. ती कधीच अचूक १ येत नाही, म्हणून शेजारी आलेखाचा कागद ठेवून फोटो काढा आणि चौकोन मोजा. ०.८ चौसेंमीला १ धरलं तर २० टक्क्यांची चूक फुकट येते, आणि लेपामुळे दिसणारा फरक पुष्कळदा तेवढाच असतो.

मोजमाप, लेपाआधी

१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड करा. १०० मिलिला ४ ग्रॅम. गोळ्या हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड पटापट ओढतात, त्यामुळे बाटली उघडी ठेवून गप्पा मारू नका. चष्मा आणि हातमोजे घालूनच. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर आम्लापेक्षाही वाईट.

तीन इलेक्ट्रोडची मांडणी: हेमॅटाइट, प्लॅटिनमची तार किंवा जाळी, आणि संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याचा व्होल्टेज स्थिर असतो आणि ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजतात). कॉस्टिकमध्ये मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा संदर्भ सर्वात बरा. सिल्व्हर क्लोराइडचा असेल तर चालवता येतो, पण त्याचं सच्छिद्र टोक कॉस्टिकमध्ये हळूहळू खराब होतं, म्हणून रोज काम संपलं की बाहेर काढून पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या, न वापरलेल्या संदर्भाशी ताडून बघा. प्लॅटिनम नसेल तर कॉस्टिकमध्ये निकेलची जाळीही हायड्रोजन काढते. सराफाकडून प्लॅटिनमची तार आणणार असाल तर ९५० चा शिक्का म्हणजे बाकीचे ५० भाग दुसऱ्या धातूचे, हे धरून चला. समोरचा इलेक्ट्रोड म्हणून ती चालते, फक्त एकच तार सगळ्या तुलनेत वापरा.

आकडे नेहमी रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या, म्हणजे आरएचईच्या मापात लिहा. यात पाण्यातून हायड्रोजन सुटण्याची पातळी शून्य आणि ऑक्सिजन सुटण्याची १.२३ व्होल्ट धरतात. संपृक्त सिल्व्हर क्लोराइड संदर्भासाठी: मोजलेला व्होल्टेज + ०.१९७ + ०.०५९ × पीएच. १ मोलर कॉस्टिकचा पीएच १३.६ धरला तर बेरीज जवळजवळ नेमकी १.०० व्होल्ट येते. म्हणजे मीटरवर ०.२३ दिसलं की आरएचईवर १.२३. तोंडपाठ ठेवायला सोपं.

प्रकाश १०० मिलिवॉट प्रति चौसेंमी हवा. झेनॉन दिवा आणि एएम १.५ चा (प्रमाणित सूर्यप्रकाशाच्या रंगपटाचा) फिल्टर असेल तर उत्तम. पांढरा एलईडी लेपाआधी-लेपानंतर तुलनेला चालतो, पण त्यावरून ‘सौर कार्यक्षमता’ काढू नका, त्याचा रंगपट सूर्याचा नाही. लक्स मीटर याहून निरुपयोगी. तो माणसाच्या डोळ्यासाठी आहे. कॅलिब्रेट केलेला सिलिकॉन संदर्भ सेल लागतोच.

नाशिकमध्ये ऑक्टोबर ते मे गच्चीवरचं ऊन वापरता येतं. सूर्य डोक्यावर येण्याची वेळ घड्याळात १२ नाही, साधारण १२ वाजून ३५ मिनिटं, आणि वर्षभरात ती पाव तासाने मागे-पुढे होते. डिसेंबरच्या शेवटी दुपारीही सूर्य ४६-४७ अंशांपेक्षा वर जात नाही, त्यामुळे आडवी ठेवलेली खिडकी सव्वाशे रुपयांच्या मालाला नव्वद रुपये मिळाल्यासारखा प्रकाश घेते. सेल तिरपा करून किरण काचेवर सरळ पडतील असा लावा, काचेवर उभी ठेवलेली टाचणी सावली पाडेनाशी झाली की कोन बरोबर. मेच्या २० तारखेच्या आसपास सूर्य खरोखर माथ्यावर असतो, पण तेव्हा द्रावण ४० अंशांवर जातं. तापमान प्रत्येक वाचनाशेजारी लिहा. पावसाळ्यात थर आणि भट्टीचं काम उरकावं, मोजमाप दिव्यावर.

आता स्वीप, म्हणजे व्होल्टेज एकसारखा वाढवत प्रवाह टिपणं. आरएचईवर ०.६ ते १.६ व्होल्ट, सेकंदाला १० मिलिव्होल्ट. एकदा अंधारात, एकदा उजेडात, आणि एकदा प्रकाशासमोर पुठ्ठा धरत-काढत, २ सेकंद उजेड, २ सेकंद अंधार. या तिसऱ्या आलेखात सर्वात जास्त माहिती असते. प्रकाश पडताच प्रवाह सुळकन वर जाऊन खाली बसतो का? प्रकाश तोडताच शून्याच्या खाली उलटा काटा दिसतो का? दोन्ही दिसले तर होल पृष्ठभागापर्यंत येताहेत पण पाण्याला न देता तिथेच साठून इलेक्ट्रॉनशी मिळताहेत. लेपाचा उपयोग अशाच इलेक्ट्रोडवर होतो. काटे नसतील आणि प्रवाह मुळातच कमी असेल तर दोष पोटात आहे. भट्टीकडे परत जा.

मग आकडा काढा. ९५ मिलि कॉस्टिकमध्ये ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ५ मिलि घाला. हे सुमारे अर्धा मोलर होतं. पेरॉक्साइड होल इतक्या पटकन उचलतो की पृष्ठभागावरचा तोटा जवळजवळ संपतो. म्हणजे पेरॉक्साइडमधला प्रवाह ही त्या थराची कमाल मर्यादा झाली. पाण्यातला प्रवाह भागिले पेरॉक्साइडमधला प्रवाह, हे पृष्ठभागाचं यश. समजा १.० व्होल्टला पाण्यात ०.२ आणि पेरॉक्साइडमध्ये ०.८ मिलिअँपिअर आले, तर पृष्ठभागावर आलेल्या चारांतले तीन होल वाया जाताहेत. १.५ व्होल्टला १.२ आणि १.३ आले तर तिथे लेपाने काही साधणार नाही, उरलंच आहे किती? लेपाचा खरा फायदा कमी व्होल्टेजला दिसतो, हे या दोन ओळींतच कळतं. कॉस्टिकमध्ये पेरॉक्साइड फार टिकत नाही, अर्ध्या तासात मोजमाप उरका, आणि नंतर सेल, इलेक्ट्रोड, संदर्भ सगळं चांगलं धुवा.

पुढून आणि मागून प्रकाश टाकूनही एकदा बघा. काचेच्या बाजूने टाकल्यावर प्रवाह वाढत असेल तर इलेक्ट्रॉनला काचेपर्यंत पोचायला अडचण आहे, म्हणजे थर जाड किंवा डोपिंग कमी. ९५ अंशांवरचा वेळ ४ ऐवजी ३ तास करा.

लेप, पहिला प्रकार: कोबाल्टची बुडी

कोबाल्ट नायट्रेट हेक्साहायड्रेट ०.२९१ ग्रॅम १०० मिलि पाण्यात, म्हणजे १० मिलिमोलर. कॉस्टिकमधून काढलेला इलेक्ट्रोड धुवा, खिडकीवर ५० मायक्रोलिटरचा एक थेंब ठेवा, एक मिनिटाने धुवा, परत कॉस्टिकमध्ये ठेवा. झालं. याने काय होतं? पृष्ठभागावर चिकटलेले कोबाल्टचे आयन कॉस्टिकमध्ये ऑक्सिहायड्रॉक्साइड होऊन बसतात, जेमतेम एका अणुथराइतके. २००६ साली रसायनशास्त्रज्ञ ग्रेट्झेल यांच्या गटाने अशाच कोबाल्टच्या थराने प्रवाह सुरू होण्याचा व्होल्टेज सुमारे ८० मिलिव्होल्टने खाली आणला होता. पाच मिनिटांच्या कामाला हा मोठा फायदा. सुरुवात इथूनच करावी.

दुसरा प्रकार: प्रकाशात चढवलेला कोबाल्ट फॉस्फेट

२००८ साली रसायनशास्त्रज्ञ केनन आणि नोसेरा यांनी दाखवलेलं हे द्रावण. ०.१ मोलर, पीएच ७ चं फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण): १०० मिलिला डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १.०७ ग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५२ ग्रॅम. त्यातलं ९५ मिलि घेऊन ढवळत ढवळत वरच्या कोबाल्टच्या द्रावणाचे ५ मिलि थेंबथेंब सोडा. कोबाल्ट ०.५ मिलिमोलर होतो. एकदम ओतलं तर जांभळट साका पडतो आणि मग ते द्रावण फेकायचंच. चांगलं जमलेलं द्रावणसुद्धा त्याच दिवशी वापरा.

इलेक्ट्रोड या द्रावणात, प्रकाश चालू, सिल्व्हर क्लोराइडच्या मापात ०.४ व्होल्ट. प्रवाह काही दहा मायक्रोअँपिअरच्या आत राहतो. वेळ बघू नका, विद्युतभार बघा: प्रति चौसेंमी ३ मिलिकुलोम झाला की थांबा. सगळा भार कोबाल्ट बसवण्यातच गेला असं धरलं तरी हे जास्तीत जास्त ३१ नॅनोमोल होतं. खडबडीत थराला पुसटसं झाकायला इतकं पुरतं.

प्रकाशातच का? अंधारात जास्त व्होल्टेज देऊनही कोबाल्ट बसतो, पण तेव्हा तो जिथे वीज सहज वाहते तिथे बसतो, म्हणजे थराच्या भेगांतून उघड्या पडलेल्या एफटीओवर. प्रकाशात तो जिथे होल बाहेर येतात तिथेच बसतो, आणि आपल्याला तो तिथेच हवा आहे.

इथे हात आवरता आला पाहिजे. १० मिनिटं चढवून तपकिरी दिसणारा थर डोळ्यांना भरतो, पण तो प्रकाश खातो, होलला लांबचा रस्ता चालायला लावतो, आणि हमखास मूळ इलेक्ट्रोडपेक्षाही कमी प्रवाह देतो. चांगला लेप डोळ्यांना दिसत नाही.

शिवाय कोबाल्ट इथे ऑक्सिजन काढण्याची क्रिया वेगवान करतो, की होल धरून ठेवून त्यांचं इलेक्ट्रॉनशी मीलन लांबवतो, यावर संशोधकांत वाद आहे. आपल्यासाठी व्यवहार एवढाच, की पुठ्ठ्याच्या आलेखातले काटे लहान झाले पाहिजेत.

अॅल्युमिनाचा अणुथर हा तिसरा मार्ग. तो उत्प्रेरक नाही, पृष्ठभागावरचे सापळे (होल अडकवणारे दोष) बुजवतो, आणि त्याने सुमारे १०० मिलिव्होल्टपर्यंत फायदा झाल्याची नोंद आहे. पण त्याला अणुथर निक्षेपणाचं यंत्र लागतं. ते नसेल तर बीकरमध्ये त्याची नक्कल करण्यात वेळ घालवू नये.

लेपानंतर, आणि काय काय फसतं

तोच इलेक्ट्रोड, तोच दिवा, तेच अंतर, तीच तार. तीन मोकळ्या तुकड्यांपैकी एकाला कोबाल्ट न घातलेल्या फॉस्फेटमध्ये तेवढाच वेळ, तेवढ्याच प्रकाशात आणि व्होल्टेजला ठेवून मग मोजा. नुसत्या फॉस्फेटमध्ये राहिल्याने आणि धुतल्यानेही कधीकधी प्रवाह हलतो. तो फरक कोबाल्टच्या खात्यात जाऊ नये.

लेपानंतर पाण्यातला आलेख पेरॉक्साइडच्या आलेखाकडे सरकला पाहिजे. त्याच्या वर गेला तर आनंद करू नका, काहीतरी चुकलंय. सर्वात नेहमीची चूक अशी: कोबाल्ट स्वतः ऑक्सिडाइझ होताना प्रवाह देतो आणि स्वीपमध्ये एक उंचवटा दिसतो, तो पाण्यातून आलेला प्रवाह म्हणून लिहिला जातो. ओळखायला सोपं आहे. त्याच व्होल्टेजला ६० सेकंद थांबा. उंचवटा विरतो, पाण्याचा प्रवाह टिकतो. अहवालात हा टिकलेला आकडाच द्या.

कोबाल्टमुळे अंधारातला प्रवाहही लवकर सुरू होतो, आरएचईवर १.५ च्या आसपास. त्यामुळे वरच्या टोकाला उजेडातून अंधार वजा केल्याशिवाय काही म्हणू नका. लेपाआधीच अंधारातला प्रवाह १.२ ला दिसत असेल तर इपॉक्सीतून द्रावण तारेपर्यंत पोचलंय. तो इलेक्ट्रोड संपला, डागडुजी करत बसू नका.

फायदा दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो, ही तक्रार नेहमीची. कोबाल्ट फॉस्फेटचा लेप फॉस्फेटच्या द्रावणात स्वतःला दुरुस्त करत राहतो, कॉस्टिकमध्ये फॉस्फेट निघून जातो आणि कोबाल्टचा ऑक्सिहायड्रॉक्साइड उरतो. तो काम करतो, पण सैल बसलेला भाग गळतो. म्हणून पहिल्या पाच मिनिटांचा आकडा कुणाला सांगू नका. १.२३ व्होल्टला किमान २ तास चालवून मग बोला.

हायड्रोजन खरंच किती

प्रवाह म्हणजे हायड्रोजन, असं गृहीत धरू नये. प्लॅटिनमच्या बाजूला वेगळा कप्पा करा, मध्ये सच्छिद्र काचेची चकती, आणि तारेवर १० मिलिची उलटी, द्रावणाने भरलेली मोजनळी. ऑक्सिजन तिकडे गेला तर तो प्लॅटिनमवर परत पाणी होतो आणि हिशेब कमी भरतो. पहिला अर्धा तास मोजू नका, तेवढ्यात द्रावण हायड्रोजनने भरतं.

हिशेब: १ मिलिअँपिअर, १ तास म्हणजे ३.६ कुलोम. भागिले २ × ९६४८५ (हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन, आणि एक मोल इलेक्ट्रॉनचा भार ९६४८५ कुलोम), म्हणजे ०.०१८७ मिलिमोल. पुस्तकी पद्धतीने २५ अंशांना, एक वातावरण दाबाला हे ०.४५६ मिलि. नळीत मात्र ०.५० च्या पुढे दिसेल. कारण नाशिकचा हवेचा दाब सुमारे ९४४ हेक्टोपास्कल आहे, १०१३ नाही, आणि नळीतल्या वायूत पाण्याची वाफही असते, २५ अंशांना सुमारे ३२ हेक्टोपास्कल. ९४४ वजा ३२, म्हणजे ९१२. ०.४५६ × १०१३ ÷ ९१२ केलं की ०.५०७ येतात. ही दुरुस्ती विसरली की कार्यक्षमता १११ टक्के निघते आणि परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात. त्या दिवसाचा दाब वायुदाबमापकावर बघा, हवामानाच्या अॅपमधला आकडा बहुतेकदा समुद्रसपाटीला बदललेला असतो.

१ चौसेंमीच्या इलेक्ट्रोडवर दिवसभरात दोन-तीन मिलि वायू येईल. मोजायला सोपं जावं म्हणून वायूसाठी वेगळा ४ चौसेंमीचा इलेक्ट्रोड करा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला की पेटतो. इतक्याशा वायूने मोठा धोका नाही, पण काडी पेटवून ‘टप्प’ ऐकवण्याचा हट्ट नळी फोडतो.

कार्यक्षमता सांगायची तर दोनच इलेक्ट्रोड जोडून, त्यांच्यामधला व्होल्टेज वापरून सांगा: प्रवाह × (१.२३ − व्होल्टेज) ÷ १००. इथे १.२३ व्होल्ट ही पाणी फोडायला लागणारी किमान पातळी आणि १०० हा मिलिवॉटमधला प्रकाश. १.० व्होल्टला ०.९ मिलिअँपिअर आले तर ०.२ टक्के. १.२३ व्होल्टला हे उत्तर शून्य येतं, प्रवाह कितीही असो, कारण मग सगळी ऊर्जा बाहेरच्या विजेचीच. म्हणून लेपाने सुरुवातीचा व्होल्टेज खाली आला का, हे कमाल प्रवाह किती वाढला यापेक्षा महत्त्वाचं. खाली आलेला व्होल्टेज हेमॅटाइटच्या मागे ठेवलेल्या सिलिकॉन सेलकडून भागवता येतो. लाल काच ६०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश सोडते आणि सिलिकॉनला तोच चालतो. एक सेल अर्ध्या व्होल्टच्या आसपास देतो, तेव्हा निदान दोन ओळीत लागतील. १०० मिलिव्होल्टची बचत तिथे कामी येते.

टाकाऊ

कोबाल्टचं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. शहरातलं सांडपाणी शेवटी गोदावरीकडेच जातं. वेगळ्या बाटलीत जमवा, कॉस्टिक घालून कोबाल्ट हायड्रॉक्साइडचा साका पाडा, वरचं निवळ पाणी तपासून मगच काढा, आणि साका लेबल लावून धोकादायक कचऱ्यात द्या. पेरॉक्साइडचं उरलेलं द्रावण अॅसिटोनच्या बाटलीत कधीही नको, त्यातून स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतात. ते रुंद तोंडाच्या बीकरमध्ये भरपूर पाणी घालून रात्रभर उघडं ठेवा. बाटलीत भरायचंच असेल तर झाकण सैल ठेवा, आतला ऑक्सिजन सुटत राहतो.